साखराबाईंची चाकाची पायताणं

या, पुढं सरका जरा. मागं खांबाला टेकून बसलेल्यांनीही यावं. खांबाला पाठ लागली की अर्ध्या कथेत डोळा लागतो, आणि ही कथा झोपेत ऐकण्यासारखी नाही. लातूरच्या एका सासूची आणि सुनेची आहे. हसू आलं तर खुशाल हसा, साखराबाईंना चालायचं. शेवटी एक मागणं आहे, ते तेवढं ऐकून उठा.

तेराव्याच्या दिवशी सकाळी बजरंग आपल्या आईची पायताणं शोधत होता, आणि ती सापडत नव्हती.

"पुढची वाट लांबची आहे," गुरुजी पाटावरून सांगत होते. "तापलेली वाळू, काटे, खडे. म्हणून पायताणाचं दान करायचं. पण बाईंच्या पायाला सवय असलेलंच द्या. नवं दिलंत आणि तिकडं चावलं, तर बदलून कोण देणार?"

बजरंगने पलंगाखाली पाहिलं, माळ्यावर पाहिलं. साखराबाईंनी तीस वर्षं डाळ मिलच्या सिमेंटच्या पटांगणात तूर वाळत घातली, भर उन्हात पायांनी ती वर-खाली केली. मिलमध्ये अनवाणी, घरात अनवाणी, बाजारातही अनवाणी. त्यांच्या बहिणीने एकदा चपला आणून दिल्या होत्या, त्या खोक्यातून बाहेर आल्या नाहीत. त्यांनी खरोखर पायात घातलेलं आणि झिजवलेलं असं घरात एकच होतं. दारामागच्या खुंटीला नाड्यांनी लटकवलेले स्केट, एकेकाला चार-चार चाकं.

आता ही चाकं चोपन्न वर्षांच्या बाईच्या पायात कशी आली, ते सांगायला हवं.

शाळेतल्या खेळाच्या पंचशीला मॅडमनी लातुरात बायकांचा रोलर डर्बीचा संघ काढला होता. सरावाला गुळगुळीत जमीन हवी, म्हणून संध्याकाळी तूर आवरल्यावर मिलचं पटांगण मागून घेतलं. खेळ असा. अंड्याच्या आकाराची वाट आखायची. दोन्हीकडच्या पाच-पाच जणी चाकांवर. चौघी मिळून भिंत धरतात. पाचवीच्या हेल्मेटवर चांदणी असते. तिने भिंत फोडून फेऱ्या मारायच्या, समोरच्या जितक्या बायका मागं टाकेल तितके गुण. एक डाव दोन मिनिटांचा. पण दोघींपैकी जी चांदणीवाली आधी भिंत फोडून बाहेर पडते, तिला एक हक्क मिळतो. दोन्ही हात कमरेवर आपटले की डाव तिथंच थांबतो.

साखराबाई आधी भांडायला गेल्या होत्या. "माझ्या तुरीवरून काय गाड्या फिरवून राहिल्या गं?" म्हणत वाटेत उभ्या राहिल्या, आणि आठ मुली एकामागून एक त्यांच्यावर आदळून खाली बसल्या. साखराबाई जागच्या हलल्या नाहीत. पंचशीला मॅडमनी धूळ झटकता झटकता विचारलं, "मावशी, आमच्यात येता का?"

"मी? आन ते कमरेवर हात कशाला आपटतीय ती पोरगी?"

"तसं केलं की डाव थांबतो, मावशी."

साखराबाईंनी स्वतःचे हात कमरेवर ठेवून पाहिले. "म्हंजी हात कमरेवर ठिवले की सगळा पसारा थांबतोय. हे तर माझ्या इठोबाचंच हाय की! मंग मला कशाची लाज?"

झालं. सासू आली, पाठोपाठ घरात एकटी बसून कंटाळलेली सून शिल्पा आली. पण त्यांच्या मापाचे स्केट कुणाकडं नव्हते. हैद्राबादहून मागवायला दोन महिने लागले. पुरुषी मापाचा, नऊ नंबरचा एकच जोड आला. शिल्पाला बघायला गेल्या तेव्हा साखराबाई चारचौघांत म्हणाल्या होत्या, "पोरगी चांगली हाय, पण पाय बघा, नांगर हायत नांगर." त्या नांगराचं आणि त्यांच्या स्वतःच्या पायाचं माप एकच निघालं, हे दोघींना त्या दिवशी कळलं. शिल्पा पदराआड हसली. साखराबाईंनी ते पाहिलं आणि पाहिलं नाही असं केलं.

एक जोड, दोघी जणी. एक दिवस सासूचा नंबर, एक दिवस सुनेचा. साखराबाईंचा दिवस कसा कोण जाणे, लवकर लवकर यायचा.

"आज नंबर माझा हाय."

"कालबी तुमचाच होता की आत्याबाई!"

"काल मी पडली, तो धरायचा न्हाई."

"असं कुठं असतंय? नांदेडच्या बाया येऊन राहिल्या पुढच्या महिन्यात. मी सराव कवा करू?"

"मी मेल्यावर कर," साखराबाई नाडी आवळत म्हणाल्या. "मंग रोजच तुझा नंबर."

"बरं," शिल्पा म्हणाली. रागात म्हणाली.

चौथ्या दिवशी पहाटे साखराबाई चहाचं आधण ठेवता ठेवता चुलीपाशी बसल्या, त्या उठल्या नाहीत. दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं. घरात रडारड झाली, शेजारणी आल्या, दहावा झाला. शिल्पाच्या डोळ्यांत मात्र टिपूस आलं नाही. त्या दिवशीचं ते 'बरं' तिच्या मनातून जात नव्हतं. रविवारी नांदेडचा संघ येणार होता. आत्याबाईंची चाकं घालून खेळायचं, जीव तोडून खेळायचं, एवढंच तिने ठरवलं होतं. दुसरी कोणती माफी तिला सुचत नव्हती.

आणि तिकडं, ती आत पुरणाला चटका देत असताना, बजरंगने ती चाकं खुंटीवरून काढून गुरुजींच्या पुढं ठेवली.

गुरुजी दचकले. "हे काय?"

"पायताण. मायच्या पायाला ह्याचीच सवय होती. दुसरं तिनं घातलंच न्हाई कधी."

गुरुजींनी एक चाक बोटाने फिरवलं. ते बराच वेळ फिरत राहिलं. "शास्त्राला विरोध नाही," ते शेवटी म्हणाले, "पण माझ्या गुडघ्यांना आहे. हे कुणा अनवाणी माणसाला द्या. ते बघा, ज्ञानोबा बसलेत."

ज्ञानोबा म्हणजे शिरूर अनंतपाळचे म्हातारे टाळकरी. कीर्तनाला साथ करायला आले होते. आयुष्यात त्यांनी दुसऱ्याची वस्तू वापरली नव्हती आणि मिळालेली वस्तू टाकली नव्हती. त्यांनी स्केट कपाळाला लावले, पंच्यात बांधले आणि जेवण करून दुपारच्या गाडीने गेले.

शिल्पाने खुंटी पाहिली तेव्हा पंगत उठली होती.

"अहो, चाकं कुठं हायत?"

"दिली." बजरंगच्या चेहऱ्यावर कर्तव्य पार पाडल्याचं समाधान होतं. "मायला आता काटा लागायचा न्हाई."

शिल्पा भिंतीला धरून खाली बसली, आणि तेरा दिवसांचं रडू तिला तेव्हा आलं. बायका एकमेकींना म्हणाल्या, बघा, सून असावी तर अशी.

शनिवारी सकाळी नवराबायको शिरूर अनंतपाळला पोचले. सोबत नव्या चपलांचा जोड घेतला होता, बदल्यात द्यायला. घर विचारावं लागलं नाही. देवळासमोर गर्दी होती. सभामंडपात ज्ञानोबा चाकांवर उभे होते, म्हणजे एका खांबाला मिठी मारून होते. दोन गडी त्यांना दोन बाजूंनी धरून होते.

"सोडू का बाबा?"

"सोडा. बाईला उन्हात किती थांबवायचं?"

गड्यांनी सोडलं. ज्ञानोबांचे पाय एका गावाला गेले, धड दुसऱ्या गावाला. ते धाडकन बसले आणि आभाळाकडं हात जोडून म्हणाले, "माफ करा साखराबाई. लागलं न्हाई ना?"

"कालपासून हेच चालू हाय," त्यांच्या बायकोने, शांतम्माने, शिल्पाला सांगितलं. "म्हाताऱ्याला हाडं जड झाल्यात. म्या म्हणलं, फडताळात ठिवा. तर म्हणतो, दान वापरलं तरच पोचतंय, नसता बाई तिकडं अनवाणी!"

बजरंगने चपला पुढं केल्या. "बाबा, ह्या घ्या. ती चाकं आमाला द्या."

ज्ञानोबांनी मान हलवली. "लेकरा, मला चपला आवडतील. पण देणाऱ्या घरानंच दान परत नेलं, तर तुझी माय भर वाटंत अनवाणी पडंल. तिथं ती कुणाला हाक मारंल?"

बजरंगने चपला खाली ठेवल्या. मग शिल्पा म्हाताऱ्याच्या समोर फरशीवर बसली. नंबराचं भांडण, "मी मेल्यावर", आणि आपण म्हटलेलं "बरं", सगळं सांगितलं. बजरंगही ते पहिल्यांदाच ऐकत होता. सांगताना ती वर पाहत नव्हती, स्केटच्या एका चाकाला अडकलेला तुरीचा दाणा नखाने काढत होती.

ज्ञानोबांनी विचारलं, "तू ह्याच्यावर किती पळतीस गं?"

"दोन मिनिटांत दहा-बारा फेरे व्हत्यात."

"मोठाले?"

"देवळाभवतीच्या प्रदक्षिणेपेक्षा मोठे."

ज्ञानोबांनी बोटं मोजली. त्यांचा चेहरा उतरला. "म्या कालपासून अकरा पावलं चाललोय. म्हंजी माझ्यापायी ती बिचारी तिकडं पहिल्याच खांबाला मिठी मारून उभी आसंल की!" त्यांनी घाईघाईने नाड्या सोडल्या. "हे बघ पोरी, दान माझंच ऱ्हाईल, ते परत न्हाई. पण माझ्या वतीनं तू पळायचं. म्या येतो संगं. चल."

रविवारी मिलच्या पटांगणात तूर बाजूला ओढून वाट मोकळी केली होती. लातूरच्या भिंतीत तिघीच उभ्या राहिल्या. साखराबाई उभ्या राहायच्या ती चौथी जागा कुणाला द्यायची, हे पंचशीला मॅडमना विचारायचं कुणाला सुचलं नाही, आणि त्यांनीही सांगितलं नाही. ज्ञानोबा कडेला अनवाणी पाय पसरून बसले. शिल्पाचा फेरा पुरा झाला की टाळ वाजवत. नांदेडच्या कप्तान मालविकाने पंचांकडं तक्रार केली, "सर, शिट्टी ऐकू येईना!" पंचांनी टाळ बंद करायला सांगितले. ज्ञानोबांनी ते मांडीवर ठेवले आणि फेऱ्याला एक, असे तुरीचे दाणे मांडू लागले.

खेळ शेवटच्या डावावर आला तेव्हा लातूर चार गुणांनी मागं होतं. चांदणी शिल्पाच्या डोक्यावर. ती नांदेडच्या भिंतीतून आधी बाहेर पडली, एक फेरा मारला, चौघींना मागं टाकलं. दुसऱ्या फेऱ्यात आणखी दोघींना. लातूर दोन गुणांनी पुढं! नांदेडची चांदणीवाली मालविका अजून लातूरच्या तिघींच्या भिंतीमागं धडका देत होती.

"शिल्पा, हात!" पंचशीला मॅडम ओरडल्या. "हात कमरेवर! थांबव डाव!"

"कमरंवर हात!" बजरंग ओरडला. सगळं पटांगण ओरडलं. ज्ञानोबांना नियम ठाऊक नव्हता, पण एवढे लोक इठोबाची खूण सांगतायत म्हटल्यावर तेही कमरेवर हात ठेवून उभे राहिले.

हात ठेवायचा अवकाश, सामना जिंकला होता. शिल्पाने हात उचलले. कमरेपाशी आणले. तिची नजर खाली, पायांतल्या चाकांवर गेली.

आणि तिने हात सोडून दिले.

ती पळत राहिली. भिंतीतल्या मोकळ्या चौथ्या जागेतून मालविका सुटली, तिने आठ गुण घेतले. शिल्पाला आणखी चारच मिळाले. ती शेवटच्या क्षणापर्यंत पळत होती, गुणांकडं न पाहता, तोंडाने काहीतरी पुटपुटत. शिट्टी झाली तेव्हा लातूर दोन गुणांनी हरलं होतं.

पंचशीला मॅडम धावत आल्या. "अगं, जिंकलेला डाव! का नाही थांबलीस?"

शिल्पा तुरीच्या ढिगाशेजारी बसून नाड्या सोडत होती. दम लागला होता, त्यामुळं शब्द तुटत होते.

"कशी थांबू, मॅडम? आज नंबर आत्याबाईंचा होता."

तिने चाकं पदराने पुसली आणि ज्ञानोबांच्या पुढं ठेवली. म्हाताऱ्याने आपले दाणे तिच्या ओंजळीत ओतले. "मोजू नको," ते म्हणाले, "लई पुढं गेली ती."

तर मंडळी, मागणं एवढंच आहे. कधी देवळात जाल, विठोबाचे ते कमरेवरचे हात पाहाल, तेव्हा हात जोडून क्षणभर साखराबाईंचं नाव घ्या. त्यांना इथून सून पळवते आहे. तुम्हीही एक फेरा त्यांच्या नावाचा घाला.