आधी विचारायचं होतं

मी लिहावं, एवढा मी मोठा नाही. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मीच पहिला, तेव्हा चुकलं तर सांभाळून घ्यावं. पण शेजारच्या दगडूतात्यांबद्दल कुणी तरी लिहायला हवं.

तात्या म्हशीची धार काढायला बसले की आधी तिला विचारतात, "काढू का?" ती कान हलवीपर्यंत चरवी रिकामीच. एका लग्नात मंगलाष्टकं थांबवून ते उभे राहिले. "पोरीला इचारलं का?" वरबाप खवळला. नवरीनं मान डोलावली, तेव्हा कुठे तात्यांनी अक्षता टाकल्या.

परवाची लढाई संपली तेव्हा चावडीवर रेडिओभोवती गर्दी होती. कुणीसं म्हणालं, "आता बांगलादेश आपल्यातच घेऊन टाकावा."

"इचारलं का त्यांला?" तात्या गरजले.

"त्यांना काय विचारायचं? आपल्या फौजेनं सोडवलं!"

"सोडवलं म्हंजी आपल्या दावनीला बांधायला व्हय?"

या रागाचं मूळ जुनं आहे. आमचं गाव आज नगर जिल्ह्यातल्या कर्जत तालुक्यात असलं, तरी पूर्वी निजामाचं. ओढ्यापलीकडे इंग्रजांचा मुलूख. निजामाचं राज्य गेलं तेव्हा जीपमधून साहेब आले, "तुम्ही आता भारतात" म्हणाले आणि पेढे वाटले. तात्यांनी पेढा परत केला. त्यानंतर पेढा म्हणून खाल्ला नाही.

"मला यायचंच हुतं रं," ते सांगतात. "निजामाच्या मानसांना चुकवीत ज्वारीत लपलो, ते कशापाई? व्हयच म्हनलो असतो. पन आदी इचारायचं हुतं."

यंदा मी पास झालो. पेढे घेऊन गेलो तर तात्यांनी हात मागे घेतला. वर्गात सरांनी शिकवलं होतं, की एखादा मुलूख एका देशातून दुसऱ्यात जाणार असेल, तर कधीकधी तिथल्या लोकांचं मत घेतात. मी चाचरत विचारलं, "तात्या, भारतात यायचं का?"

तात्यांनी माझ्याकडे बघितलं. पटका नीट केला. उभे राहिले. "व्हय. यायचं." आणि अर्धा पेढा तोंडात टाकला.

चुलीपाशी त्यांची बायको, आमची गयानानी, हसली. "देशाचं झालं बाई एकदाचं! मला इचारलं हुतं का कुनी? पाळन्यातनं काढून बोहल्यावर हुबी केली."

तात्यांचा घास तसाच राहिला. उरलेला पेढा त्यांनी बंडीच्या खिशात ठेवला. दाराशी जाऊन हळूच म्हणाले, "आता इचारतो. ऱ्हायचं का माझ्यासंगं?"

"इचार करून सांगते," नानी म्हणाली आणि भाकरी थापू लागली.

दोन दिवस तात्या गावात कुणाशी भांडले नाहीत. म्हशीनं कान हलवले तरी यांचं लक्ष नाही. "पुन्हा विचारा ना," मी म्हटलं, तर माझ्यावरच ओरडले, "इचारल्यावर गप बसून वाट बघायची असती!"

तिसऱ्या दिवशी नानीनं भाकरीचं फडकं माझ्या हाती दिलं आणि निरोपही. तात्या बांधावर उभे होते, हात बंडीच्या खिशावर. मी धापा टाकत सांगितलं, "नानी म्हणाली, त्यांला सांग, व्हय म्हनून. पन आदी इचारायचं हुतं."