जाणत्या माणसाचा निष्काळजीपणा

वॉरंटी वाढवून घ्यायची की नाही, एवढाच प्रश्न होता. दुकानातला विक्रेता अदबीने म्हणाला, "साहेब, थोडे जास्त भरा आणि निर्धास्त राहा," आणि मी हसलो. एरवी मी दुकानात हसत नाही. पण मी एका विमा कंपनीत दावे नामंजूर करायच्या टेबलावर बसतो (पाटीवर नुसतं 'दावे विभाग' आहे, मंजूर करणारं टेबल वेगळं, आणि तिथला माणूस बहुतेक रजेवर असतो), त्यामुळे 'निर्धास्त' हा शब्द ऐकला की मला गुदगुल्या होतात.

लॅपटॉप बायकोचा होता. ती लोकांच्या स्वयंपाकघरांचे नकाशे काढते. ओटा कुठे, सिंक कुठे, उभं राहिलेल्या माणसाचा हात कुठवर पोचतो, हे तिला बरोबर कळतं. इतकी वर्षं ती कागदावर काढायची. मग एका दातांच्या डॉक्टरने आपल्या अख्ख्या नव्या घराचं काम तिला दिलं, पण नकाशे कॉम्प्युटरवर हवेत म्हणाला. तिचं हे पहिलं मोठं काम. म्हणून तिने स्वतःच्या पैशांनी लॅपटॉप घ्यायचं ठरवलं आणि मला बरोबर नेलं. मला वाटलं सल्ल्यासाठी. पिशवी धरायला, हे दुकानात शिरल्यावर कळलं.

तरी सल्ला मी दिलाच. विक्रेत्याच्या हातातला अटींचा कागद घेऊन मी त्याला त्यातली खोच समजावून सांगितली. "हे बघा, 'जाणत्या माणसाचा निष्काळजीपणा असल्यास भरपाई मिळणार नाही.' या एका ओळीवर माझं घर चाललंय. धोका माहीत असलेल्या माणसाने चूक केली, की तुम्ही हात वर करणार." विक्रेत्याने मला बसायला खुर्ची दिली. दुसरा एक विक्रेताही ऐकायला आला. शेवटी मी बायकोला म्हणालो, "काळजी हीच खरी वॉरंटी. ती आपण घरी घेऊ." ती "बरं" म्हणाली आणि बिलाच्या काउंटरकडे गेली. तिच्या 'बरं'चे किती प्रकार आहेत, हे मला अजून नीट कळलेलं नाही.

काळजी घ्यायचं खातं अर्थातच माझ्याकडे आलं. लॅपटॉपच्या खोलीत चहा बंद. सासूबाई आमच्याकडेच असतात (माझ्याबद्दलचं मत त्यांनी लग्नाच्या दिवशी बनवलं, त्यात अजून बदल करावा लागलेला नाही), त्यांना मी पाण्याचा तांब्या घेऊन त्या खोलीतून जायची मनाई केली. त्या स्वयंपाकघरातून वळसा घालून जाऊ लागल्या, आणि जाताना दर वेळी माझ्याकडे बघू लागल्या. रोज संध्याकाळी काम आटपलं, की मी स्वतः लॅपटॉप उचलून खिडकीजवळच्या उंच फळीवर ठेवायचो. तिथे कुणाचाही हात पोचत नाही. माझासुद्धा स्टुलावर चढल्यावरच पोचतो.

एका रविवारी दुपारी बायकोने लॅपटॉप उघडला, तर तो सुरूच होईना. तिने तो जरा तिरका केला. एका कोपऱ्यातून पाणी आलं. चांगलं चमचाभर.

ती लॅपटॉप मांडीवर घेऊन पलंगावर बसली. आठवड्याच्या शेवटी डॉक्टरांना नकाशे द्यायचे होते. अशा वेळी नवऱ्याने काय बोलावं हे मला सुचत नव्हतं, म्हणून मी म्हणालो, "मी काळजी घ्या म्हणत होतो."

"वॉरंटी आहे," ती म्हणाली.

"कुठली?"

"तुम्ही नको म्हणालात ती. तुम्ही खुर्चीत बसून समजावत होतात ना, तेव्हा घेतली."

दोन दिवसांनी वॉरंटी कंपनीचा तपासनीस आला. सर्दीने बेजार झालेला, बगलेत बॅग, कधी एकदा घरी जातोय अशी मुद्रा. त्याने लॅपटॉप उलटा केला, पाण्याचा डाग पाहिला आणि म्हणाला, "अपघात दिसतोय. सही करा, होऊन जाईल." कुठल्याही शहाण्या माणसाने इथे त्याला पेन दिलं असतं.

पण माझ्या डोळ्यांदेखत कुणी दावा असा फटकन मंजूर करतंय, हे मला बघवेना. "एवढ्यात कसं?" मी म्हणालो. "पाणी आलं कुठून, हे नको बघायला? मी याच लाइनमधला आहे." बायकोने माझ्या शर्टाची बाही ओढली. मला वाटलं, शर्टाला काही लागलंय.

मी तपास सुरू केला. खिडकी बंद होती हे सिद्ध केलं. छत कोरडं आहे हे तपासनिसाला स्टुलावर चढवून दाखवलं. सासूबाईंची रीतसर जबानी घेतली आणि तांब्या निर्दोष ठरवला. मग मला फळीच्या बरोबर वर टांगलेली मनीप्लांटची कुंडी दिसली. तिच्या बुडाला भोक होतं. मी बोट लावून बघितलं. ओलं होतं. इतकं सुंदर मी ऑफिसातही कधी शोधून काढलेलं नाही.

"आता प्रश्न उरतो," मी तपासनिसाकडे वळून म्हणालो, "या कुंडीला दर रविवारी पाणी कोण घालतं?"

"तुम्ही," बायको म्हणाली.

"आणि तिच्या खाली लॅपटॉप कोण ठेवतं?" हे वाक्य तोंडातून निघून गेल्यावर माझ्या लक्षात आलं.

"तुम्हीच," सासूबाई म्हणाल्या. "मी बघत होते की. म्हटलं, जाणता माणूस आहे, काहीतरी विचार करून घालत असेल."

तपासनिसाने नाक पुसलं आणि कागदावरचा हात थांबवला. "जाणता माणूस," तो हळूच म्हणाला. "आणि विम्यातलेच. मग अवघड आहे. तुम्हाला आमचं ते कलम माहीत असेल?"

माहीत होतं. दुकानात मीच ते मोठ्याने वाचून दाखवलं होतं.

बायको पुढे आली. आवाज शांत होता, पण ओढणीचं टोक मुठीत धरलं होतं. ती म्हणाली, "साहेब, हे ऑफिसात जाणते असतील. घरात यांना काही कळत नाही." आणि मग ती एकेक सांगू लागली. मी बिनपाण्याचा कुकर लावला होता ते. चष्मा डोळ्यांवर ठेवून चष्म्यासाठी अख्खं घर पालथं घातलं होतं ते. आणि एकदा मजला चुकून खालच्यांच्या घरी जाऊन बसलो, चहा घेतला, वर साखर कमी आहे म्हणून सांगितलं, तेही. सासूबाईंना आपली चूक उमगली होती. त्यांनी ती दामदुपटीने भरून काढली. इतक्या आनंदात मी त्यांना फार दिवसांत पाहिलं नव्हतं. तपासनीस लिहून घेत होता. मध्येच त्याने पान उलटलं.

शेवटी त्याने मलाच विचारलं. "कुंडीतून पाणी खाली पडतं, एवढं तुम्हाला कळत होतं की नव्हतं? तुमच्या तोंडून ऐकू दे."

वीस-एक वर्षं लोक माझ्यासमोर बसून "साहेब, लक्षातच आलं नाही हो" म्हणत आलेत, आणि मी एकावरही विश्वास ठेवलेला नाही. आता त्या खुर्चीत मी होतो. माझी अब्रू एका बाजूला होती, आणि दुसऱ्या बाजूला ओढणीचं टोक धरून उभी असलेली माझी बायको. तिचं पहिलं मोठं काम मी स्वतःच्या हाताने, कुंडीच्या झारीने, बुडवलं होतं.

"नव्हतं," मी म्हणालो. "मला काही कळत नाही."

तपासनिसाने माझ्याकडे निरखून पाहिलं. "वाटलंच," तो म्हणाला, आणि सही केली.

शुक्रवारच्या आत लॅपटॉप दुरुस्त होऊन आला. नकाशे वेळेवर गेले. डॉक्टर इतके खूश झाले, की खुर्चीत तोंड उघडून बसलेल्या प्रत्येक पेशंटला आता बायकोचं नाव सुचवतात (त्या अवस्थेत कुणाला नाही म्हणता येत नाही). तिच्याकडे कामाची रीघ लागली. कुंडी गॅलरीत गेली. तांब्याची मनाई उठली.

वॉरंटीची मुदत संपत आली, तेव्हा ती आणखी वाढवून घेणार का, म्हणून कंपनीने विचारलं. सोबत नव्या अटी होत्या. मी सवयीने वाचायला घेतल्या. 'पुढील कारणांनी झालेल्या नुकसानीची भरपाई मिळणार नाही : आग, पूर, उंदीर आणि ग्राहकाचे पती.' मी ते दोनदा वाचलं. धंद्याच्या दृष्टीने त्यात मला एकही खोट सापडली नाही. आमचा तो लॅपटॉपचा दावा माझ्या टेबलावर आला असता, तर मीही हेच लिहिलं असतं.

कागद बायकोकडे दिला. तिने वाचला, थोडा विचार केला आणि घडी करून बाजूला ठेवला.

"नको घ्यायला," ती म्हणाली. "तुम्हालाच वगळलंय, तर मग घेऊन उपयोग काय? आपल्याकडे ना पूर येत, ना उंदीर आहेत."

वॉरंटीवर पैसे घालवू नयेत, हे माझं म्हणणं शेवटी तिला पटलं.