सहावी ओळ

"विद्याधर, कंपनीला पंचवीस वर्षं झाली! समाजाचं काही देणं लागतो की नाही आपण?" चंद्रप्रकाश शेठ उत्साहाच्या भरात खुर्चीतून अर्धे उठले. "पण कुठलं काम आधी, ते कामगारांनीच ठरवू दे. घे सगळ्यांकडून चिठ्ठ्या! शनिवारी नारळ फोडायचा!"

अंधेरीच्या औद्योगिक वसाहतीतल्या या पंख्यांच्या कारखान्यात विद्याधर तात्पुरता कारकून होता आणि त्याची मुदत नेमकी त्याच शनिवारी संपत होती. काम जमलं तर नोकरी पक्की, फसलं तर काकांच्या छत्र्यांच्या दुकानात जन्मभर काड्या बसवायच्या. त्यानं दोन दिवसांत दोनशे दहा चिठ्ठ्या जमवल्या. कुणी वाचनालय मागेल, कुणी दवाखाना, असा त्याचा अंदाज होता. एकशे चौदा चिठ्ठ्यांत एकच मागणी निघाली. बावन्न बायकांना मिळून एक संडास, त्याच्याही दाराला कडी नाही, तेवढं आधी बघा! त्यानं इमानेइतबारे टिपण लिहिलं आणि टायपिस्ट शकुकडे दिलं.

ते वाचून शेठना गहिवरून आलं. गहिवर ओसरला तसे ते भडकले.

"बावन्न बायका आणि एक संडास! कुठल्या नालायकाची जागा आहे रे ही?"

विद्याधर पुढे झाला. "शेठ, ते टिपणात खाली..."

"आता टिपण नाही, काम! वॉर्ड ऑफिसरना बोलावलंय. पेपरवाला येतोय. त्या मालकाच्या नावानं नोटीसच घेऊन या म्हटलं!"

विद्याधर धावतच शकुच्या टेबलापाशी आला. "शकु, सहावी ओळ कुठे गेली?"

"कापली. शेठ पाच ओळींच्या वर वाचतात का कधी? कागद फेकून देतात. काय होतं त्यात एवढं?"

"पत्ता! आपल्याच कारखान्याचा!"

शकुचे हात टाइपरायटरवरच थांबले. "वाट लागली तुझी," ती म्हणाली.

विद्याधरनं सांगायचा प्रयत्न केला नाही असं नाही. गुरुवारी तो केबिनमध्ये गेला, तेव्हा शेठ पेढ्यांची ऑर्डर देत होते. शुक्रवारी गेला, तेव्हा ते आरशासमोर भाषण घोकत होते. शेठ बोलत असताना कुणाचं ऐकत नसत आणि गप्प असत ते फक्त जेवताना. तोवर भाषणात एका संडासाचे चार झाले होते, त्यांना पांढऱ्या फरशा लागल्या होत्या आणि वर पाण्याची टाकीही चढली होती.

शनिवारी शेठ, वॉर्ड ऑफिसर आणि गळ्यात कॅमेरा अडकवलेला पेपरवाला गाडीत बसले. मांडीवर नारळ घेऊन विद्याधर पुढे बसला.

"कुठे घेऊ?" ड्रायव्हर नंदूनं विचारलं.

"डावीकडे."

गाडी फाटकातून डावीकडे वळली. "आता?"

"परत डावीकडे."

"आता?"

"आणखी एकदा डावीकडे. बस्, थांब."

"अरे यार, हा तर आपला..." नंदू म्हणाला आणि विद्याधरनं त्याला असा चिमटा काढला की पुढचे शब्द त्यानं गिळले.

शेठ उतरले. पंचवीस वर्षं ते पुढच्या दारानं केबिनमध्ये जात आणि त्याच दारानं बाहेर पडत. ही पिवळी पडलेली भिंत, हा गंजका पत्रा त्यांनी कधी पाहिलाच नव्हता. त्यांना मनापासून वाईट वाटलं. संडासाच्या दारापाशी एक बाई दोन्ही हातांनी दार धरून उभी होती. ती वाइंडिंग खात्यातली जानकी.

"दार का धरलंय, बाई?"

"कडी नाय दाराक. एकीन आत जावचा आणि दुसरीन भायर दार धरूचा. आत मालन आसा."

"ऐकलंत साहेब?" शेठ गरजले. "माणुसकी आहे का त्या मालकाला? लाज नाही वाटत? काढा ती नोटीस! मी साक्षीदार!"

ऑफिसरनी नोटीस काढली, पेनाचं टोपण उघडलं. "नाव तेवढं भरायचंय. मालक कोण?"

विद्याधर हातातल्या नारळाची शेंडी बघायला लागला. जानकीनं मात्र दार न सोडता शांतपणे सांगितलं, "लिवा साहेब, चंद्रप्रकाश शेठ."

कॅमेऱ्याचा क्लिक झाला. शेठनी भिंतीकडे पाहिलं. पत्र्याखाली रचलेल्या पंख्यांच्या खोक्यांवर स्वतःच्याच कंपनीचं नाव वाचलं. मग त्यांनी विद्याधरकडे अशा नजरेनं पाहिलं की त्याला काकांचं दुकान स्पष्ट दिसलं.

"काय करायचं?" ऑफिसरनी विचारलं. "लिहू?"

शेठनी विद्याधरच्या हातातला नारळ ओढून घेतला आणि पायरीवर असा आपटला की पाणी ऑफिसरच्या पँटवर उडालं.

"चार संडास. महिनाभरात," ते घोगऱ्या आवाजात म्हणाले.

"फरशा?" आतून मालननं विचारलं.

"पांढऱ्या!"

गाडी बघून जमलेल्या बायकांनी टाळ्या वाजवल्या. जानकीला वाजवता आल्या नाहीत. ऑफिसरनी नोटिशीची घडी करून खिशात ठेवली. "महिन्यानं फाडतो," ते म्हणाले. "बाकी मालकानं स्वतःलाच असं जाहीर झापलेलं मी पहिल्यांदा पाहिलं. कमाल आहे तुमची! आणि कामगारांच्या यादीत दोन नंबरला काय आहे?"

सगळे विद्याधरकडे बघायला लागले. त्यानं खिशातून कागद काढला. आता लपवण्यासारखं राहिलंच काय होतं?

"एकसष्ट चिठ्ठ्या आहेत, शेठ. मालकांनी वर्षातून एकदा तरी कारखान्यात चक्कर मारावी."

शेठ रुमालानं हात पुसत राहिले.

"ते आज झालं. खोडून टाक," ते म्हणाले. "आणि सोमवारी तीन नंबर घेऊन केबिनमध्ये ये."