चौथ्या पिलाच्या उड्डाणाची अधिकृत हकिगत

धैर्य ही अशी वस्तू आहे, की ती दुसऱ्याला देताना माणूस कधी हात आखडत नाही. तैवानच्या ताइनान शहरातल्या आमच्या गल्लीत तर ती मुबलक. त्यामुळे काढ्याच्या दुकानाच्या छज्ज्याखालची भिंगरी पाखराची तीन पिलं उडून गेली आणि चौथं घरट्याचा काठ धरून बसलं, तेव्हा हा गल्लीच्या इभ्रतीचा प्रश्न असल्याचं वॉर्डप्रमुख गाओ वेन-शुंग यांनी कर्ण्यावरून जाहीर केलं.

तातडीनं ‘उड्डाण प्रोत्साहन समिती’ नेमली गेली. (पिलाच्या आईला घेतलं नाही. तिला अनुभव होता, पण कायमचा पत्ता नव्हता.) निवृत्त कवायत मास्तर लू रोज सकाळी स्टुलावर उभे राहून हात फडफडवू लागले. घरट्याखाली गादी आली. ती अपुरी वाटली म्हणून दुसरी, तिच्यावर मच्छरदाणी, शेजारी मलमपट्टीची पेटी. हा सरंजाम पाहून, उडणं हा भलताच जीवघेणा प्रकार असावा, असा निष्कर्ष पिलानं काढला आणि ते आणखी आत सरकलं. त्यानं उडावं म्हणून आईनं घास कमी केले होते. वादळाचाही इशारा आला.

शेवटी गाओ स्वतः भाषणाला उभे राहिले. जमिनीचा मोह सोड, असं ते घरट्याकडे बघत कळवळून सांगत होते. त्यांची बायको शिऊ-चिन पायरीवर भाजी निवडत होती. मान वर न करता ती म्हणाली, “अहो, विमानाच्या भीतीनं पोरीचं लग्न फोनवर बघितलंत. आता कॅनडात नात झालीय. येत्या परवाची तिकिटं कपाटात पडलीत. पाखराला कसलं शिकवताय?”

सगळी गल्ली गाओंकडे वळली. नजरा चुकवायला गाओंनी वर पाहिलं. तर पिलू काठावर आलं होतं. थरथरलं, खाली पडलं, आणि पडता पडताच उडालं. इतर कुणीच ते पाहिलं नाही.

यशाचं श्रेय समितीनं भाषणाला दिलं आणि रिकामं बसण्यापेक्षा गाओंनाच हाती घेतलं. विमानतळावर मास्तर स्टूल घेऊन आले, गाद्याही आल्या. (त्या नेमक्या कुठे अंथरायच्या, यावर मतभेद झाले.) दारापाशी गाओ चौकट धरून उभे राहिले.

“ते पिलू फार घाबरलं होतं गं,” ते बायकोला हळूच म्हणाले.

“मग?”

“तसंच उडालं.”

तिनं त्यांच्या हातात बॅग दिली. समिती सामूहिक फोटोसाठी पाठमोरी झाली, तेवढ्यात दोघं आत गेली.

फोटो झकास आलाय. उडालेलं त्यात कुणीच नाही, बाकी यच्चयावत मंडळी आहेत. दुसऱ्या रांगेत हात उंचावून धीर देताहेत, ते तुम्हीच ना?