पहिलं खोकं सगळ्यात आत

"हे भूगोलाचं... हे गणिताचं... आणि हे, जड आहे बघ, हे इंग्रजीचं."

गोदामाच्या फळीवरून पोती चढवताना वडील असं म्हणायचे. तेव्हा तो सात वर्षांचा होता आणि फळीखालच्या सावलीत बसून वही गिरवत असे. एकेका पोत्याला एकेका विषयाचं नाव. इंग्रजीच्या पोत्याखाली वडिलांची मान खांद्यात रुतायची. फळी झपाझप चढायचे म्हणून गोदामात त्यांना सगळे 'शिडी' म्हणत. वर पोचले की ते खाली वाकून हसायचे. "तू ही फळी चढायची नाहीस. तू खाली खुर्चीत बसून माझ्यासारख्यांची हजेरी घ्यायची."

तो खरंच शिकला. भूगोलात पहिल्या वर्गात एम.ए. झाला. 'शहरातील मालवाहतुकीचे स्वरूप' या विषयावर एकशे बारा पानांचा प्रबंध लिहिला. मग दीड वर्ष अर्ज लिहिले. आणि शेवटी घरपोच सामान देणाऱ्या एका कंपनीत अगदी खालच्या पायरीवर चिकटला. खोकी उचलायची, जिने चढायचे, दार वाजवायचं, सही घ्यायची. तिथे सगळे त्याला 'पदवीधर' म्हणत. त्या हाकेत कौतुक किती आणि टोमणा किती, हे मोजायचं माप त्याच्या प्रबंधात नव्हतं.

घरी त्यानं सांगितलं, "नियोजन विभागात आहे." वडिलांनी शेजारी सांगितलं, "साहेब झालाय." शेजाऱ्यांनी पुढे सांगितलं, "मोठा साहेब झालाय." तीन महिन्यांत त्या थापेला दोनदा बढती मिळाली. पदवीधराला मात्र अजून नोकरी कायम झाल्याचं पत्रही मिळालं नव्हतं.

त्या दिवशी उमेदवारीची मुदत संपत होती. सुपरवायझर बारावी नापास होता आणि ते छाती पुढे काढून सांगायचा. सकाळीच तो म्हणाला, "आज गाडी तू भरायची. चौसष्ट नग. सहाच्या आत सगळे पोचले तर कायमचं पत्र. एक जरी परत आला, तर तू आणि तुझी डिग्री, दोघं मोकळे."

"भरतो की. त्यात काय?" पदवीधर म्हणाला.

आजवर गाडी भरणारे वेगळे असत. हा फक्त पोचवायचा. यादीत पोचवायच्या क्रमानं एक ते चौसष्ट आकडे होते. पदवीधरानं त्या क्रमाचा मान राखला. एक नंबरचं खोकं पहिलं आत ठेवलं, त्याला लागून दोन, मग तीन. शेवटी चौसष्ट नंबरचं लाकडी कपाट दाराशी उभं केलं. रचना इतकी देखणी झाली की त्यानं तिचा फोटो काढला. ड्रायव्हरमामा चहाचा घोट घेत सगळं बघत होते.

पहिल्या घरासमोर गाडी थांबली. पदवीधरानं मागचं दार उघडलं. समोर कपाट. कपाटामागे दोन गाद्या, गाद्यांमागे खुर्च्या, खुर्च्यांमागे खोक्यांचा डोंगर, आणि त्या डोंगराच्या पोटात, सगळ्यात आत, एक नंबरची इस्त्री.

तो गाडीभोवती एक फेरी मारून आला.

"मामा, गाडीला दुसरं दार नाही?"

"गाडी आहे ती, बोगदा नाही."

"सकाळी बघत होता ना तुम्ही? मग बोलला का नाही?"

"म्हटलं, एम.ए. झालेला माणूस, काहीतरी नवीन पद्धत असेल. आम्ही अडाणी. मध्ये कशाला तोंड घाला?" एवढं बोलून मामांनी सीट मागे पाडली आणि डोळे मिटले. "आणि मी गाडी चालवतो, सामान नाही."

पदवीधर कपाटावरून आत घुसायला गेला. कमरेपर्यंत गेला आणि अडकला. पाय बाहेर, डिग्री आत. सुटण्यासाठी त्यानं पाय झाडले तशी वरची गादी घसरली, गादीमागून खुर्ची आली आणि खुर्चीमागून पंधरा-वीस खोकी शाळा सुटल्यासारखी रस्त्यावर आली. आता सगळं उतरवण्याला पर्याय नव्हता.

तासाभरात अख्खा संसार रस्त्यावर आला. गल्लीही आली.

"मालकानं बाहेर काढलं का रे बाळा?" एका म्हातारीनं कळवळून विचारलं.

"नाही हो आजी, मी पोचवायला आलोय."

"आता लपवून काय करतोस? सगळ्यांवर वेळ येते." तिनं त्याला पाणी दिलं. एवढ्यात एक गृहस्थ खुर्ची उलटी करून पाय तपासू लागले. "सेल आहे का? जोडी घेतली तर कमी कराल?"

तेवढ्यात एका बाईंना कुठल्याशा खोक्यावर स्वतःचं नाव दिसलं. "अगं बाई, हे तर माझंच!"

"ताई, ते एकेचाळीसावं आहे. परतीच्या फेरीतलं."

"मग?"

"आधीची चाळीस पोचल्याशिवाय सही घ्यायच्या या मशीनमध्ये तुमचं नाव उघडत नाही."

"माझ्या दारात, माझ्या नावाचं खोकं, आणि मी चाळीस घरांची वाट बघू? शिकलायस का काही?"

पदवीधर पुढचं खोकं उचलायला वळला.

त्यानं खोकी भिंतीकडेनं नंबरवार मांडली. तेवढ्यात एकाला मोटार बाहेर काढायची होती. चार उत्साही माणसांनी पाच मिनिटांत खोकी बाजूला केली आणि चौसष्ट आकड्यांची खिचडी झाली. खिशातला फोन वाजला. सुपरवायझर. "दीड तास गाडी एकाच जागी दिसतेय मला. मेलात का सगळे? थांब, येतो."

पदवीधर खोक्यावर मटकन बसला. समोरच्या इमारतीचा वॉचमन मघापासून त्याला निरखत होता. तो जवळ आला. "तू शिडीचा पोरगा ना रे? आम्ही बारा वर्षं एकाच गोदामात. तो तर सांगतो, पोरगा साहेब आहे."

"काका, त्यांना सांगू नका. हात जोडतो."

"बरं," वॉचमन म्हणाला आणि कोपऱ्यात जाऊन फोन लावून त्यानं पहिलं काम तेच केलं.

वडील अर्ध्या तासात आले. कमरेला डॉक्टरांनी दिलेला पट्टा होता. त्यांनी रस्त्यावरचं सामान पाहिलं, रिकामी गाडी पाहिली, मुलाच्या शर्टावरचं कंपनीचं नाव पाहिलं. ते वाचायला त्यांना जरा वेळ लागला. मुलगा मान खाली घालून उभा राहिला. शिवी आली असती तर बरं वाटलं असतं.

"पहिलं सगळ्यात आत घातलंस?"

"हो."

"हे तुला शिकवलं नाही मी. मुद्दाम नाही शिकवलं." त्यांनी पट्टा आवळला. "कपाट धर त्या बाजूनं."

आणि कित्येक वर्षांनी त्यांच्या गळ्यातून ते गाणं निघालं, ज्याच्या ठेक्यावर अख्खं गोदाम हलायचं:

"दूरचा पाहुणा घरात घाला,
जवळचा बसवा दारात,
जडाच्या डोई हलकं द्या हो,
काच निजवा कापसात..."

गल्ली आपोआप रांगेत उभी राहिली. म्हातारी नंबर वाचू लागली, खुर्चीवाले गृहस्थ खुर्च्या देऊ लागले, एकेचाळीस नंबरच्या बाईंनी आपलं खोकं स्वतः चढवलं. मामांचीही झोप उडाली. पाऊण तासात गाडी भरली. दारात, हाताला येईल अशी, एक नंबरची इस्त्री.

तेवढ्यात सुपरवायझरची मोटरसायकल येऊन थांबली. तो गाडीच्या दारात उभा राहिला आणि बराच वेळ आत बघत राहिला.

"अशी भरलेली गाडी मी दहा वर्षांत पाहिली नाही. कोणी भरली?" मग त्याची नजर पट्ट्यावर गेली. "हा कोण? घरचा माणूस आणलास की काय? मागे एकानं मेव्हणा आणला होता. तीन खोकी मेव्हण्याबरोबर गेली. तेव्हापासून नियम आहे, घरचा दिसला की दोघांनाही घरी पाठवायचं."

वॉचमननं तोंड उघडलं. वडिलांनी त्याच्या पायावर पाय दिला.

"घरचा कुठला, साहेब? नाक्यावरचा हमाल मी," वडील म्हणाले आणि मुलाकडे हात केला. "या साहेबांनी बोलावलं. ह्यांनीच सांगितलं सगळं, काय आत, काय बाहेर. मी नुसता उचलत होतो."

पदवीधराला जन्मात पहिल्यांदा कोणीतरी समोर साहेब म्हटलं.

सुपरवायझर खूश झाला. "बाहेरचा हमाल चालतो. नोंद केली की झालं. डोकं चालवलंस लेका! सहा कशाला, चारलाच मोकळा होशील." त्यानं खिशातून दोन पाकिटं काढली, नोकरी गेल्याचं परत ठेवलं, दुसरं पुढे केलं. "घे. कायमचं. आणि ह्याची नोंद करू दे." त्यानं फोन उघडला. "नाव?"

"शिडी म्हणतात मला."

"आडनाव?"

वडील गडबडले. आडनाव सांगावं, तर तेच पाकिटावर छापलेलं होतं. मग त्यांनी हसून हात जोडले.

"हमालाला कसलं आडनाव, साहेब?"

पाकिटाचं एक टोक पदवीधराच्या बोटांत होतं, दुसरं सुपरवायझरच्या. वडील डोळ्यांनी सांगत होते, घे, घे.

"त्यांना आडनाव आहे," पदवीधर म्हणाला. "त्यांचंच मी लावतो. हे माझे वडील आहेत."

सुपरवायझरनं आपल्या बाजूचं टोक हळूच ओढून घेतलं.

"अरे गाढवा," वडील कपाळावर हात मारून म्हणाले, "पत्र हातात पडेपर्यंत तरी थांबायचंस!"