बसप्पांच्या अंगातून गेलेलं इंटरनेट

"आता मी जे सांगणार हाय, त्यावर कुणाचा इस्वास बसणार न्हाई. माझाच बसंना, आन् मी तर तिथं होतो!"

असं म्हणून बसप्पांनी तंबाखूची चिमूट दाढेखाली सारली आणि दुकानापुढच्या बाकावरची मंडळी सावरून बसली. मंडळी म्हणजे दोघंच. एक आश्रुबा, मेंढरं राखणारा गडी. किलोभर मीठ न्यायला येणार आणि अर्धी दुपार बाकावर घालवून जाणार. दुसरा बद्रीनाथ, शेजारचा शिंपी. तो काजं करायला एखादा सदरा हातात घेऊनच यायचा, म्हणजे धंदा सोडून गप्पा हाणतो असं कुणाला म्हणता येऊ नये. परळीत किराणा दुकानं पुष्कळ होती, पण सामानाबरोबर गोष्ट मिळायची ती बसप्पांच्याच दुकानात. त्या गोष्टीत दुसऱ्या कुणाला पदरचं घालायला जागाच नसायची. ती सगळी जागा बसप्पांनी आधीच भरलेली असायची!

आजची गोष्ट दोन हजार दोन सालची, कंप्युटरची होती.

बसप्पांचा मुलगा संगमेश्वर लातूरला कोर्स करायला गेला आणि येताना कंप्युटर घेऊन आला. दुकानामागच्या खोलीत, म्हणजे फळ्यांच्या एका भिंतीपलीकडे, तो मांडला. टेलिफोनची तार त्यात खुपसली आणि घरात इंटरनेट आलं! संगमेश्वर रोज सकाळी त्यावर तुरीचा भाव बघायचा. मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, चालत गेलं तर हाच भाव पाच मिनिटांत कळायचा. पण कंप्युटरवर वीस मिनिटांनी कळलेला भाव कसा, जरा भारदस्त वाटायचा.

त्याच साली बसप्पांच्या धाकट्या लेकीला, ईश्वरीला स्थळ आलं. पोरगी गुणाची, बी.एस्सी. झालेली. खोट एकच, बोलायला लागली की थांबायची नाही. गिरणीत दळण घेऊन गेली तर दळण व्हायचं, पीठ गार व्हायचं, गिरणीवाला जेवून परत यायचा, तरी हिचं बोलणं चालूच! दोन स्थळं नुसती तेवढ्यापायी गेली होती. हे तिसरं सोलापूरचं. मुलगा गुरलिंग, बंगळूरला कंप्युटरच्या कंपनीत. फोटो आला त्या दिवसापासून ईश्वरी तो पुस्तकात ठेवून पुस्तक वाचत होती, पान मात्र उलटत नव्हती. नीलाबाईंनी, म्हणजे बसप्पांच्या कुटुंबानं, तर जाहीरच केलं होतं, "हे स्थळ गेलं तर मी अन्नाला शिवणार न्हाई!"

मुलाकडचा निरोप मात्र अजब आला. मुलाला सुट्टी नाही. रविवारी अकरा ते बारा तो कंप्युटरवर बसेल, मुलीनंही बसावं, दोघांनी लिहून गप्पा माराव्यात. बारा वाजता तो लातूरच्या एका मुलीशी अशाच गप्पा मारणार आहे. संध्याकाळी काय ते कळवेल.

"म्हंजे बघायचा कार्यक्रम टायपिंगवर?" बसप्पांनी कपाळाला हात लावला.

"मग पोरीनं च्या कुणाला द्यायचा?" नीलाबाई.

"आई, च्याचं सोड," संगमेश्वर म्हणाला. "गप्पाचं सॉफ्टवेअर आपल्या जुन्या सिस्टीमवर चालत न्हाई. नवी सिस्टीम टाकावी लागंल."

झालं! अंबाजोगाईच्या कंप्युटरवाल्या सुंदररावला बोलावणं गेलं. खिशाला चार पेनं, हातात एक सीडी. आल्या आल्या त्यानं सगळ्यांना खोलीबाहेर काढलं, जणू आत बाळंतपण होतं. कंप्युटर सांगत होता, एकोणचाळीस मिनिटं राहिली. अर्ध्या तासानं सांगितलं, एकोणचाळीस मिनिटं राहिली. जेवणं झाली तरी एकोणचाळीसच! शेवटी ती कमी व्हायला लागली, तर लाइट गेली. वीज तयार होते परळीत, आणि जायचा पहिला मानही परळीलाच! पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. दिवेलागणीला पडदा उजळला. वर निळंभोर आभाळ, खाली हिरव्यागार गवताची टेकडी.

आश्रुबा त्या दिवशी मीठ न्यायला आला होता. दारातून मान आत घालून तो बराच वेळ त्या टेकडीकडे बघत राहिला.

"आप्पा, हे कुठलं शिवार?"

"कंप्युटरमधलं."

"मेंढरं सोडू देत्यात का तिथं?"

टेकडी देखणी होती, सिस्टीम देखणी होती. पण शुक्रवारी तालीम घ्यायला बसले आणि पितळ उघडं पडलं. मोडेम आधी कुरकुरला, मग मांजराच्या शेपटीवर पाय पडल्यागत किंचाळला, मग गप झाला. गप झाला म्हणजे लागला. लाइन लागते का बघायला बंगळूरहून गुरलिंगही दोन मिनिटं बसला होता. त्यानं लिहिलं, "नमस्कार." ईश्वरीनं बोट उचललं, आणि खट! लाइन तुटली. पाच मिनिटं झटून परत जोडली. "कशा आहात?" खट!

बसप्पा दुकानातून धावत आत आले. "तुटली का रं?"

"तुमाला कसं कळलं?" संगमेश्वरनं विचारलं.

"बापाचं काळीज हाय, लेका!"

शनिवारी सकाळी सुंदरराव परत आला. त्यानं कंप्युटरची नाडी बघितली आणि म्हणाला, "सिस्टीम नवी, मोडेम जुना. नवी सून आन् जुनी सासू. जमायला वेळ लागतोय."

"किती?"

"कुठं सहा महिने, कुठं जल्मभर."

संगमेश्वरला वेगळीच शंका होती. नेट चालू असताना कुणी फोन उचलला की लाइन तुटते, आणि घरात एकाच लाइनीवर दोन फोन होते. एक आत माजघरात, एक दुकानात गल्ल्यापाशी. सगळ्यांच्या माना माजघराकडे वळल्या.

"माझ्याकडं कशाला बघायलेत सगळे?" नीलाबाई कडाडल्या. "उद्या त्या फोनवर उशी ठेवून वर मी सोताच बसते, मग तर झालं?"

"आन् दुकानातला?" संगमेश्वर म्हणाला.

"दुकानात मी हाय की!" बसप्पा म्हणाले. म्हणजे त्या फोनची काळजी मिटली.

बसप्पांचं स्वतःचं निदान पक्कं होतं. राख! वीज केंद्राच्या धुराड्यातून ती रात्रंदिवस पडायची. परळीत खोकला राखेनं येतो, पापड राखेनं काळे पडतात, जावई रुसला तर तोही राखेनंच. "तारंवर वर्षानुवर्षं राख बसलीया," बसप्पा म्हणाले. "जुन्या सिस्टीमला सवय होती. नवी नाजूक हाय, तिला ठसका लागतोय."

मग काय विचारता! आधी सायकलच्या पंपानं कंप्युटरच्या पोटात हवा मारली. आतून एवढी धूळ उडाली की खुद्द बसप्पा दहा मिनिटं शिंकत होते. मग शिडी निघाली. बांबूला जुनं धोतर बांधलं आणि बसप्पा घरापासून टेलिफोनची तार पुसत निघाले. पहिला खांब, दुसरा खांब, तिसरा...

"सत्तावीस खांब पुसले!" बसप्पांनी बाकाला बजावलं.

"सत्तावीस?" आश्रुबा म्हणाला. "आप्पा, शिडी मी धरली होती."

"बरं, वीस आसतील."

"चौथ्या खांबाला तुमाला चक्कर आली आन् आपुण उसाचा रस प्यायला गेलतो."

"मग? रस पिऊन आल्यावर पुसले की! तू मेंढराकडं गेलता तवा. रस्त्यानं कडूबाई आडवी आली, म्हणली, आप्पा, आमच्या पत्र्यावरचीबी तेवढी पुसा. तीन पोती राख निघाली! तिच्या विटा पाडून या बद्रीनाथच्या मेव्हण्यानं न्हाणी बांधली."

"मला मेव्हणा न्हाई, आप्पा," बद्रीनाथ सुईत दोरा ओवत म्हणाला.

"आसता तर बांधली आसती."

बद्रीनाथनं पुढचं काज धरलं. गोष्ट रविवारात शिरली.

रविवारी साडेदहालाच नीलाबाईंनी लेकीला जरीची साडी नेसवली, गजरा माळला.

"आई, तेला काय दिसणार हाय का?"

"न दिसू दे. अंगावर जरी असली की लिहिण्यात उतरती!"

मागं सतरंजीवर मानाची चार माणसं सुपारी कातरत बसली. संगमेश्वर टेबलाखाली शिरून मोडेमची वायर दाबून धरून बसला. नीलाबाई माजघरात उशीवर, उशी फोनवर. बसप्पा दुकानात. बरोबर अकरा वाजता मोडेम किंचाळला.

ईश्वरीची लिहायची तऱ्हा अशी की दोन शब्द झाले की धाडायचे, मग पुढचे दोन. गुरलिंगनं विचारलं, "स्वयंपाक आवडतो का?" ईश्वरीनं धाडलं, "आवडतो, पण". खट! पाच मिनिटं गेली. लाइन लागली. "लग्नानंतर नोकरी करणार?" ईश्वरीनं धाडलं, "हो, जर". खट! आणखी पाच मिनिटं. "तुमचा स्वभाव कसा आहे?" ईश्वरीनं लिहिलं, "तसा". खट!

दर खटला बसप्पा दुकानातून आत, "तुटली का?", आणि पुन्हा बाहेर. तिकडं बंगळूरला तो बिचारा 'पण', 'जर' आणि 'तसा' एवढ्या शिदोरीवर बसून होता. घड्याळात अकरा पस्तीस. बाराला लातूर! माजघरातून नीलाबाईंनी वैजनाथाला हाक घातली, उशीवरून न उठता. सतरंजीवरच्या सुपाऱ्या थांबल्या. आणि ईश्वरी, जिला गप्प बसवणं आजवर कुणाच्या बापाला जमलं नव्हतं, ती पदराचं टोक तोंडात धरून मुकाट रडायला लागली.

"मग मी काय केलं?" बसप्पांनी मांडीवर थाप मारली. "दुकान टाकलं, धोतर खवलं आन् चढलो खांबावर! वर बघतो तर काय, तारंचा जोड सुटलेला! दोन टोकं, मधी वीतभर आभाळ. डाव्या हातात एक टोक धरलं, उजव्या हातात दुसरं. आन् लागली की लाइन! इंटरनेट माझ्या अंगातून!"

"अंगातून?" बद्रीनाथची सुई काजात अडकली.

"तर! पोरीचे शब्द डाव्या हातातून शिरायचे, छातीला वळसा घालून उजव्या हातातून थेट बंगळूरला! पोराचे उलट्या वाटंनं. मिशी आशी ताठ! एक कावळा खांद्यावर टेकला, तेला आसा झटका बसला की उडताना इंग्रजीत वरडला! नाकावर माशी बसली, हालवली न्हाई. शिंक आली, गिळली. शिंकलो आसतो तर सोयरीक मोडली आसती! पुरी पंचवीस मिनिटं, बाराच्या ठोक्यापस्तोर. लाइन एकदाबी तुटली न्हाई!"

"मग?" आश्रुबानं न राहवून विचारलं.

"मग काय! संध्याकाळी सोलापूरहून पोराच्या बापाचा फोन. म्हणले, मुलगी पसंत! म्हणले, गुरलिंग लई खूश हाय. एवढी मोजकं बोलणारी मुलगी तेनं जल्मात बघितली न्हाई. दोन शब्द बोलती आन् थांबती. ती लातूरची तासभर नुसती बडबड करत होती म्हणं!"

बसप्पांनी मागं भिंतीला पाठ टेकली आणि समाधानानं डोळे मिटले. आश्रुबानं मिठाची पुडी उचलली आणि पुन्हा खाली ठेवली. बद्रीनाथनं काजाला शेवटची गाठ मारली, दोरा दातानं तोडला.

"आप्पा, एक शंका हाय. लाइन पंचवीस मिनिटं चालली?"

"पुरी पंचवीस."

"एकदाबी न तुटता?"

"एकदाबी न्हाई!"

"आन् आपली ईश्वरी... ईश्वरी... पंचवीस मिनिटांत दोन शब्द बोलून थांबली?"

बसप्पांनी एक डोळा उघडला. तंबाखू थुंकायला ते पायरीपर्यंत गेले, जरा जास्तच सावकाश परत आले.

"त्या दिवशी खांबावर वारं लई होतं," ते म्हणाले. "काही शब्द उडाले आसतील."

तेवढ्यात फळ्यांच्या भिंतीआडून चहाचे कप घेऊन ईश्वरी बाहेर आली. पंचमीला माहेरी आली होती. तिनं एक कप आश्रुबापुढे ठेवला, एक बद्रीनाथपुढे ठेवला, तिसरा हातातच धरला.

"दीड वर्स झालं, सासरी मोजकं बोलून बोलून माझं तोंड आंबून गेलंय. आज तरी बोलू द्या," ती म्हणाली. "आप्पा, तुमी खांबावर होता, तर मग इथं गल्ल्यापाशी फोन कानाला लावून, 'जावईबापू, घसा बसलाय का? असं किंचाळू नका, पोरगी काय म्हणली ते ऐकू यीना!' असं दर पाच मिनिटाला कोण वरडत होतं?"