भिवाकाकांची मधली पायरी

भिवाकाकांच्या म्हशीला मराठी कळत नव्हतं आणि मालवणीही कळत नव्हतं. "ये गो" म्हटलं तर ती ढिम्म हलायची नाही. "मारी सिनी" म्हटलं की मान डोलावत यायची. "डुडुक" म्हटलं की बसायची. दूध काढायला बसण्याआधी तिच्या कानाशी "तेरिमा कासिह" म्हणावं लागे. ही इंडोनेशियन भाषा, आणि या शेवटच्या शब्दांचा अर्थ 'आभारी आहे'.

मला हे इतकं नेमकं ठाऊक आहे, कारण काका एकदा तापाने आडवे झाले तेव्हा त्यांच्या गोठ्यात उभं राहून मी हे शब्द वहीतून क्रमवार वाचले आहेत. म्हशीने पान्हा सोडला. खाली चरवी घेऊन बसलेल्या काकी म्हणाल्या, "बगलास मास्तरानू? चाळीस वरसां ह्येंका भाकरी घालतंय, माका कदी आभार म्हणाक नाय. ह्या रेड्याच्या आवशीक रोज म्हणतत."

मी आरोंद्याच्या शाळेत मास्तर, आणि गावचं टपालही माझ्याच ओटीवरून चालायचं. भिवाकाका तीस वर्षं आगबोटीवर होते. खलाशी म्हणून चढले आणि सारंग, म्हणजे खलाशांचे मुकादम, होऊन उतरले. आवाज असा की घरात मीठ मागितलं तरी शेजारचा माणूस मीठ घेऊन यायचा. जगातल्या सगळ्या गोष्टी त्यांनी तीन पायऱ्यांत वाटल्या होत्या. काकींची कढी वरची पायरी, माझं शिकवणं मधली पायरी, ग्रामपंचायत अजून जमिनीवर.

त्यांचा मुलगा वासूही बोटीवर लागला आणि इंडोनेशियातल्या सुराबायाच्या बंदरात उतरून तिथेच राहिला. त्याने तिथल्या सीती नावाच्या मुलीशी लग्न केलं. गावाला वाटलं, काका आता आकाशपाताळ एक करणार. काकांनी दोन दिवस खाडीकडे बघत विड्या ओढल्या आणि तिसऱ्या दिवशी सगळ्यांना सांगून टाकलं, "सून माझी. तिका मी तिच्याच भाषेत पत्र लिवतलंय. माका ती भास येता."

येत होती, पण गोदीतली. तीस वर्षं त्या भाषेत त्यांनी फक्त माल चढवला-उतरवला होता. वासूला मुलगी झाल्याचं कळल्यावर काकांनी सुनेला स्वतःच्या हाताने पत्र धाडलं. आपण किती गोड लिहिलं आहे हे त्यांनीच मला नंतर भाषांतर करून सांगितलं, तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. पत्र असं होतं: 'तू इकडे ये. लवकर. मूल उचल. नीट ठेव. भिजवू नको. आरडाओरडा नको. पुरे.'

उत्तर वासूकडून आलं. चार ओळींचं. 'सीती रडली. तुमच्या घरात सुनेला असंच हाकतात काय, विचारत होती. आता लिहू नका.' त्यानंतर आठ महिने झाले तरी सुराबायाहून काही आलं नाही.

"वासूला मालवणीत लिहा, तो तिला समजावेल," मी सुचवलं. माझ्या मते हा सर्वांत सोपा मार्ग होता.

"नाय," काका म्हणाले. "चूक माझ्या हातान झाली, ती माझ्याच हातान निस्तरूक व्हयी. झिलाच्या तोंडान माफी मागूची नाय."

अशा रीतीने वयाच्या एकसष्टाव्या वर्षी भिवाकाकांचा अभ्यास सुरू झाला. एका जुन्या सोबत्याने त्यांना तिकडच्या शाळेतलं वाचनाचं पुस्तक आणून दिलं, आणि एक इंग्रजी अर्थांचा शब्दकोश. पुस्तक होतं भाग दुसरा. पहिला भाग कधी मिळालाच नाही. काकांना त्याचं काही वाटलं नाही. "पयली पायरी गोदीत झाली," ते म्हणाले, "आता मधली." शब्दकोशातलं इंग्रजी त्यांना येत नव्हतं, म्हणून रोज संध्याकाळी ते माझ्याकडे येत. मी वहीत तीन रकाने आखले. पहिल्यात त्यांचा शब्द, दुसऱ्यात इंग्रजी, तिसऱ्यात मराठी. ती वही अजून माझ्या कपाटात, वरच्या कप्प्यात आहे.

त्यांना ही भाषा फार आवडली. "अनेकवचन करूचा तर शब्द दोनदा म्हणूचो," ते कौतुकाने सांगत. "माणूस-माणूस, घर-घर. कसली कटकट नाय." आठवडाभर मासळीबाजारात ते 'बांगडो-बांगडो' मागत होते. कोळणीने शेवटी विचारलं, "काका, एक देव की दोन?"

नवा शब्द ते आधी गोठ्यात म्हशीवर चालवून बघत. पाठांतर मात्र त्यांना बसून जमेना. वाऱ्याविरुद्ध बोलायची सवय. सकाळी खाडीच्या काठावर उभे राहून ते पलीकडच्या तीराकडे तोंड करून धडे ओरडत. तेव्हा पलीकडे गोव्यात फिरंग्यांचं राज्य होतं आणि अलीकडे आमच्या पोलिसांचा पहारा. घाटावरून नवीनच बदलून आलेल्या एका हवालदाराने हे ऐकलं आणि त्यांना पुस्तकासकट माझ्या ओटीवर आणलं.

"हा म्हातारा पलीकडच्यांना इशारे देतोय," हवालदार म्हणाला. "काय बोलतो ते लिहून घेतलंय मी. अर्थ सांगा."

मी कागद पाहिला, मग वहीतले रकाने पाहिले. "'आई बाजारात जाते. आई केळी विकत घेते,'" मी वाचून दाखवलं.

हवालदाराला ते फारच संशयास्पद वाटलं. त्याला लेखी काहीतरी हवं होतं. मी शाळेच्या शिक्क्यानिशी दाखला दिला: 'सदर इसम इंडोनेशियन भाषेचा मध्यम पातळीवर अभ्यास करीत आहेत.' काकांनी त्या दाखल्याची एक प्रत मागून घेतली आणि देवाच्या तसबिरीशेजारी टांगली.

वर्षभराने ते पत्र लिहायला बसले. अडले ते पहिल्याच ओळीला. माफीला शब्द हवा होता. मी शब्दकोश उघडला आणि दोनदा तपासला.

"काका, शब्द 'माआफ' आहे. आपलाच माफ. तीस वर्षांत तुमच्या कानावर पडला नाही?"

"गोदीत माफी कोण मागता?" काका म्हणाले.

पत्र दीड पानाचं झालं. त्यात हुकूम एकही नव्हता. मीच मोजून पाहिलं. तिकीट त्यांनी तिरकं लावलं, ते मी काढून सरळ लावलं.

मग वाट पाहणं. काका रोज टपालाच्या वेळेला येत आणि "असाच इलंय" म्हणत. चौथ्या महिन्यात पाकीट आलं, सुराबायाचा शिक्का, अक्षर अनोळखी आणि गोल. मी निरोप पाठवला. काका आले, मागून काकीही आल्या. काकांनी पाकीट हातात धरलं आणि पुस्तकातले शेवटचे तीन धडे राहिलेत, ते झाले की उघडू, असं सांगू लागले.

"उघडा," काकी म्हणाल्या. "नायतर मी उघडतंय."

सीतीने मोठ्या अक्षरात, एकेका ओळीत एकेक वाक्य लिहिलं होतं, शाळेतल्या मुलाला लिहावं तसं. शब्दकोश लागलाच नाही. काका एकेक ओळ मोठ्याने वाचत आणि लगेच काकींना अर्थ सांगत. 'बाबा, पत्र पोचलं. मी आईला वाचून दाखवलं. आता राग नाही. मुलगी दोन वर्षांची झाली. ती सगळं बोलते. तिचे वडील तिला तुमची भाषा शिकवतात. तिला तुम्ही तुमच्या भाषेत लिहा.'

काकी पदराने डोळे पुसत म्हणाल्या, "सुटलंय गो बाय." माझ्याही छातीवरचं ओझं उतरलं. उत्तर त्याच दिवशीच्या टपालात जावं म्हणून मी कागद आणि टाक पुढे ठेवला.

काका बसले. टाक दौतीत बुडवला. कागदावर काही उतरेना.

"मास्तरानू, मालवणीत कसा लिवतत?"

"बोलता तसं लिहायचं."

"बोललंय खंय?" त्यांचा आवाज प्रथमच लहान ऐकला. "वासू झालो तेवा मी बोटीर. तो शाळेत गेलो तेवा मी बोटीर. वरसाक दोन म्हयने घरात, तेतूर काय बोललंय? अभ्यास कर. उनात फिरू नको. गप ऱ्हव. आपल्या भाषेत माका इतक्याच येता."

मग काका काकींकडे वळले आणि म्हणाले, "तू सांग गो. काय लिवू?"

काकी पायरीवरून उठून ओटीवर त्यांच्याजवळ येऊन बसल्या. "लिवा," त्या म्हणाल्या. "बाये, मी तुजो आजो. जेवलंस काय?"

तीन वाजता मी टपालाच्या पिशवीला लाख लावत असे. एवढ्या वर्षांत हा नेम मोडला नव्हता. त्या दिवशी पिशवी न्यायला आलेल्या माणसाला मी चहा दिला, मग पोहे दिले, मग त्याच्या मुलांची चौकशी केली. पावणेचारला ओटीवर डोकावलो. दोघं अजून 'जेवलंस काय' इथेच होती. सुराबायात बांगडो मिळता की नाय, यावरून वाद चालला होता.